थिअरी कशी बांधायची आणि कधी सोडून द्यायची

आधीच सांगते, खाली जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या साँग ऑफ आइस अँड फायर या कादंबरीमालेच्या पाचही पुस्तकांचे आणि तिच्यावरच्या गेम ऑफ थ्रोन्स सिरीजचे स्पॉइलर्स ढिगाने आहेत, ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका.

तर पाचवं पुस्तक, अ डान्स विथ ड्रॅगन्स, जुलै २०११ मध्ये आलं. सहावं अजून यायचंय आणि सातवं त्याच्याही नंतर. मूळ बेत फक्त तीन पुस्तकांचा होता हे आठवलं की हसावं का रडावं तेच कळत नाही. एवढ्या रिकाम्या वेळात माणूस दुसरं काय करणार, गोष्टीत काय दडलंय आणि पुढे काय होणार याच्या थिअऱ्याच रचणार. मीही भरपूर रचल्यात, त्यातल्या काही आठवल्या की अजून कानकोंडं व्हायला होतं. पण इतकी वर्षं हेच उद्योग केल्यावर कुठली थिअरी टिकते आणि कुठली नुसता बादरायण संबंध असते ते थोडंफार कळायला लागलंय, म्हणून हे लिहितेय.

शेवटापासून सुरुवात करायची नाही, हे सगळ्यात आधी. सिंहासनावर कोण बसणार, पाचव्याच्या शेवटी भोसकलेला जॉन जिवंत होणार का, असल्या प्रश्नावरून थिअरी रचायला घेतली की आपल्याला जे व्हायला हवंय त्याचेच पुरावे पानोपानी दिसायला लागतात, कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं तसं. सुरुवात करायची ती खटकलेल्या वाक्यापासून. म्हणजे दुसऱ्यांदा वाचताना (रीरीडशिवाय थिअरी नाही, इथे तडजोड नाही) हाताशी त्या रंगीत चिकटचिठ्ठ्या ठेवायच्या आणि जिथे मनात येईल की हे इथे कशाला सांगितलं, तिथे एक डकवायची आणि पुढे जायचं. अर्थ लावायची घाई नको. माझी चौथ्या पुस्तकाची, अ फीस्ट फॉर क्रोजची प्रत या चिठ्ठ्यांमुळे साळिंदरासारखी दिसते.

एक जागा नीट दाखवते, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. फीस्टमध्ये ब्रिएन ही लढवय्यी बाई हाउंडचा, म्हणजे सँडॉर क्लेगेन या क्रूर योद्ध्याचा माग काढत क्वाएट आइल नावाच्या बेटावर पोचते, तिथे मौनव्रत घेतलेले साधूलोक राहतात. टेकडी चढताना वाटेत स्मशान लागतं आणि तिथे एकजण थडगं खणतोय. तो ब्रिएनपेक्षाही धिप्पाड आहे (आणि ब्रिएनपेक्षा धिप्पाड माणसं त्या अख्ख्या जगात मोजकी), तो लंगडतोय, त्याच्या फावड्यातली माती यांच्या पायावर उडते म्हणून बरोबरचा साधू त्याला रागावतो तर तो नुसती मान खाली घालतो. मग ब्रिएनसोबतच्या मेरिबाल्ड या फिरत्या पुजाऱ्याचं कुत्रं त्याला हुंगायला जातं, तर हा फावडं टाकून त्याचा कान खाजवतो. साधू म्हणतो, नवीन आहे तो. एवढंच, एक परिच्छेद, आणि मंडळी पुढे जातात. थोड्या वेळाने तबेल्यात एक काळा दांडगा घोडा दिसतो ज्याने एका साधूचा कान तोडलाय, आणि हाउंडचा घोडा कसा होता ते आपल्याला आधीच्या पुस्तकापासून ठाऊक आहे. मग मठाचा प्रमुख ब्रिएनला सांगतो की हाउंड मेला, मी स्वतः त्याला पुरलं. ब्रिएन म्हणते, म्हणजे सँडॉर क्लेगेन मेला तर. यावर त्याचं उत्तर "हो, मेला" असं नाहीये. तो म्हणतो, तो आता विसावलाय.

नरो वा कुंजरो वा! शुद्ध नरो वा कुंजरो वा. म्हातारा एक शब्द खोटं बोललेला नाही आणि ब्रिएनची मात्र पूर्ण दिशाभूल झाली.

आता इथे पहिली चाचणी लावायची: ही थिअरी खोटी धरली, म्हणजे सँडॉर खरंच मेलाय असं धरलं, तर तो खणणारा माणूस तिथे कशासाठी आहे? त्याचं लंगडणं कशासाठी, जेव्हा मागच्याच पुस्तकात आर्या ही मुलगी सँडॉरला मांडीला जखम झालेल्या अवस्थेत सोडून गेलीय? कुत्र्याचा कान कशासाठी, जेव्हा याच्या घराण्याच्या निशाणावरच कुत्रे आहेत? थिअरी काढून घेतली की हे सगळं नुसतं फालतू भरताड होऊन बसतं. ज्या थिअरीशिवाय लिहिलेलं वाक्य निरर्थक होतं ती थिअरी भक्कम. आणि थिअरी काढून घेतली तरी प्रकरण मजेत चालत राहतं, तर ती थिअरी आपण वरून चिकटवलीय, पानातून आलेली नाही.

आता याच धाग्यावरची दुसरी थिअरी घ्या, क्लेगेनबोल. सँडॉर मठातून बाहेर येणार आणि आपल्या राक्षस भावाशी, ग्रेगरशी, लढणार. सिरीजने २०१९ मध्ये ती मारामारी दाखवली पण, लोक नाचले. मला पुस्तकासाठी ही थिअरी कधीच पटली नाही, कारण ती वाक्यातून नाही तर आपल्या हौसेतून आलीय. त्या अख्ख्या बेटाचा मुद्दाच हा आहे की आतला हाउंड मेलाय आणि माणूस उरलाय, शांतपणे माती उपसतोय, त्याला ओढून परत आखाड्यात उतरवायचं म्हणजे आधीच्या सुंदर थिअरीच्या पायावर कुऱ्हाड. दोन्ही थिअऱ्या एकाच माणसाच्या, पण एक आहे क्लू आणि दुसरी आहे इच्छा. हा फरक जमला की अर्धं काम झालं.

पुढचं जरा अवघड आहे. या पुस्तकांत प्रत्येक प्रकरण कुणा ना कुणाच्या डोक्यातून सांगितलेलं असतं, त्यामुळे ते पात्र काय विचार करतंय यापेक्षा काय विचार करायचं टाळतंय तिकडे कान ठेवायचे. जॉन स्नोच्या आईबापांची थिअरी, म्हणजे तो नेड स्टार्कचा अनौरस मुलगा नसून राजपुत्र र्‍हेगार आणि नेडची बहीण लिॲना यांचा, ही सिरीजने २०१६ मध्ये पडद्यावर आणली, पण पुस्तकवाल्यांना ती पहिल्या पुस्तकानंतर काही वर्षांतच माहीत होती. लोकांना निळे गुलाब, टॉवर ऑफ जॉयचं स्वप्न, ते "वचन दे नेड" वगैरे लगेच आठवतं, ते आहेच. पण माझा लाडका क्लू वेगळाय. नेड एका ठिकाणी विचार करतो की उद्या एखाद्या अनोळखी मुलाचा जीव विरुद्ध माझ्या मुलांचे जीव अशी वेळ आली तर मी काय करीन, आणि तिथे मुलांची नावं येतात, रॉब, सान्सा, आर्या, ब्रॅन, रिकन. जॉन नाही! आणि लगेच पुढे जॉन येतो तो कसा, तर हीच वेळ नेडच्या बायकोवर, कॅटलिनवर आली, एकीकडे जॉन आणि दुसरीकडे तिची पोटची पोरं, तर ती काय करेल म्हणून. अख्ख्या जगाला जॉन माझा मुलगा म्हणून सांगणारा बाप स्वतःच्या डोक्यात मात्र यादीत त्याला घेत नाही. अशी यादी दिसली की मोजायची, कोण गळलंय ते बघायचं.

पण इथेच पाय घसरतो पण. पात्रांची स्मृती चुकते हे मार्टिन मुद्दाम करतो, सान्साला हाउंडने आपलं चुंबन घेतल्याचं आठवतं आणि आधीच्या पुस्तकात जाऊन बघितलं तर तसं काही झालेलंच नाही. आणि त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या खऱ्याखुऱ्या चुकाही आहेत, रेनलीच्या डोळ्यांचा रंग बदललाय, एका घोड्याचं लिंग पुस्तकागणिक बदललंय, हे त्यानेच कबूल केलंय. मग ओळखायचं कसं? माझा ठोकताळा असा की चुकीमुळे पात्राच्या मनाबद्दल काही कळत असेल तर ती मुद्दाम केलेली, आणि नुसता तपशील बदललाय, कुणाला त्याचं सुखदुःख नाही, तर ती लेखकाची डुलकी. घोड्यावर थिअरी बांधू नका. बांधलेल्या आहेत लोकांनी.

भविष्यवाण्यांबद्दल फार लिहीत नाही, त्यावर जन्म जातात लोकांचे. सर्सी राणीच्या धाकट्या भावाने, टिरियनने भविष्यवाणीला अर्धवट शिकवलेल्या खेचराची उपमा दिलीय, विश्वास टाकला की लाथ बसते. एवढंच बघा की भविष्यवाणी कुठल्या भाषेत आहे आणि तिचा अर्थ कोण लावतंय. सर्सीला लहानपणी सांगितलं गेलं की वॅलोन्कार तुझा गळा आवळेल, त्याचा अर्थ धाकटा भाऊ, आणि ती आयुष्यभर टिरियनवर डूख धरून बसली, पण जुळा भाऊ असला तरी जेमीसुद्धा तिच्यामागूनच जन्मलाय की! आणि म्हातारा मेस्टर (त्या जगातला पंडित-वैद्य) एमन तर मरता मरता सांगून जातो की जगाला तारायला येणारा 'वचन दिलेला राजपुत्र' ही भाषांतरातली चूक होती, ड्रॅगन ना नर ना मादी. ध चा मा झाला आणि सगळे हजार वर्षं राजपुत्राची वाट बघत बसले.

क्लू मोजताना एक लबाडी आपण सगळेच करतो, एकाच प्रकरणातले दहा बारीकसारीक उल्लेख गोळा करायचे आणि दहा पुरावे म्हणून मिरवायचे. तो एकच पुरावा असतो. बळकटी येते ती वेगवेगळ्या पुस्तकांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या तोंडून एकच गोष्ट आली तर. यंग ग्रिफ घ्या, जो स्वतःला र्‍हेगारचा मुलगा एगॉन म्हणवतो. तो खरा नसून ब्लॅकफायर, म्हणजे टारगेरियन या जुन्या राजघराण्याच्या बंडखोर शाखेतला आहे अशी थिअरी आहे. दुसऱ्या पुस्तकात टारगेरियन राजकन्या डॅनीला काठ्यांवर नाचवलेला कापडी, म्हणजे खोटा, ड्रॅगन दिसतो. चौथ्यात मेरिबाल्ड एका खानावळीच्या पाटीची गोष्ट सांगतो, काळ्या लोखंडी ड्रॅगनची पाटी, तुकडे करून नदीत फेकलेली, आणि पुष्कळ वर्षांनी तिचं एक डोकं वाहत किनाऱ्याला लागतं, तोवर गंजून लाल झालेलं. काळा ड्रॅगन ब्लॅकफायरांचा, लाल टारगेरियनांचा! पाचव्यात इलिरिओ हा श्रीमंत व्यापारी टिरियनला सांगतो की ब्लॅकफायरांचा वंश संपला, पण कसा, तर पुरुषांच्या बाजूने. हा "पुरुषांच्या बाजूने" शब्द कुणी उगाच टाकत नाही हो. आणि ज्या गोल्डन कंपनी या भाडोत्री फौजेची स्थापनाच ब्लॅकफायरवाल्यांनी केली ती अचानक कबूल केलेला करार मोडून या पोराच्या मागे उभी राहते. तीन पुस्तकं, चार वेगळी तोंडं. याला मी थिअरी म्हणते.

पुस्तकाबाहेरचे पुरावे जपून वापरा. मार्टिनने १९९३ मध्ये एजंटला लिहिलेलं पत्र २०१५ मध्ये बाहेर आलं, त्यात जॉन आणि आर्याची प्रेमकहाणी आहे. म्हणजे बघा आता! तेव्हापासून बेत कितीदा बदलले, तिसऱ्या पुस्तकानंतर गोष्ट पाच वर्षं पुढे न्यायची होती तेही रद्द केलं, त्यामुळे त्या पत्रातून पुरावा आणणं म्हणजे लग्नाच्या अल्बमवरून आजच्या नवऱ्याचं वजन सांगणं. सिरीजचंही तेच. आणि इथे माझी स्वतःची फजिती सांगून टाकते. कोल्डहँड्स, तो एल्कवर बसणारा काळ्या हातांचा माणूस, म्हणजे जॉनचा काका बेन्जेनच, यावर मी बहिणीशी अनेक वर्षं तावातावाने भांडले. ती म्हणायची अगं पण पाचव्या पुस्तकात लीफ (माणसांहून वेगळ्या, जंगलातल्या जमातीतली) स्पष्ट म्हणते की त्याला फार पूर्वी मारलं गेलं, आणि लीफ शेकडो वर्षांची आहे, तिचं फार पूर्वी म्हणजे गेल्या वर्षी नव्हे. मी म्हणायचे, ते लाक्षणिक आहे. लाक्षणिक! मग टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवलेल्या हस्तलिखिताचं कळलं, त्यात संपादिकेने समासात विचारलंय की हा बेन्जेन का, आणि मार्टिनने खाली लिहिलंय, नाही. नंतर सिरीजने २०१६ मध्ये बेन्जेनलाच ते काम देऊन टाकलं तेव्हा मला क्षणभर उकळ्या फुटल्या, पण बहिणीने हस्तलिखिताच्या त्या पानाचा फोटो परत पाठवला.

तेव्हा सोडून कधी द्यायची याचं उत्तर हेच, ज्या दिवशी तुम्ही एका सरळ वाक्याला "ते लाक्षणिक आहे" म्हणता त्या दिवशी. थिअरी वाचवण्यासाठी दुसरी थिअरी लागायला लागली की तिला प्रेमाने निरोप द्या.

लिहून काढताना दोन गोष्टी करा. प्रकरण नक्की कुठलं ते सांगा, "कुठेतरी म्हटलंय" चालत नाही. आणि एक वाक्य असं घाला की अमुक घडलं तर मी चुकले. हे वाक्य लिहिता येत नसेल तर थिअरी नाही, श्रद्धा आहे. आधी कुणी मांडलीय का तेही शोधा, बहुधा मांडलेलीच असते, त्यात वाईट वाटून घेऊ नका. २०१४ मध्ये एडिनबरोत मार्टिन म्हणाला होता की एकदोन वाचकांनी बारीक क्लू जोडून बरोबर शेवट ओळखलाय आणि म्हणून तो काही शेवट बदलणार नाही. ते एकदोन कोण ते त्याने सांगितलं नाही, त्यामुळे इंटरनेटवर प्रत्येकाला वाटतं ते आपणच.

माझ्या वहीत सध्या तारखेसकट एकच ओळ आहे: यंग ग्रिफ ब्लॅकफायर आहे, आणि सहाव्या पुस्तकात, विंड्स ऑफ विंटरमध्ये तो खरा एगॉन असल्याचा निर्विवाद पुरावा आला तर मी चुकले. खाली बहिणीची सही आहे, तिच्या मते तो खराच आहे. पैज दोन मिसळींची लागलीय, एक्स्ट्रा पाव धरून, आणि पैज लागली तेव्हा मिसळ चाळीस रुपयांना होती हे तिने मुद्दाम बाजूला लिहून ठेवलंय.