इंटरव्ह्यूत आकडे सांगायचेत पण कंपनीचा डेटा दाखवता येत नाही? मग हे करा

सेल्सवाल्यांचा नेहमीचा प्रॉब्लेम, समोरचा म्हणतो परफॉर्मन्सचा प्रूफ द्या, आणि जुन्या कंपनीच्या एनडीएवर, म्हणजे माहिती बाहेर न सांगण्याच्या करारावर, तर आपली सही असते.

१. रुपये सांगूच नका, टक्के सांगा. 'टार्गेटच्या ११८ टक्के, रीजनमध्ये दुसरा नंबर' एवढं पुरतं. क्लायंटचं नाव काढून 'पुण्यातली एक मोठी ऑटो पार्ट्स कंपनी' असं लिहा, पण शहरात तशी एकच कंपनी असेल तर तेही नको, लगेच ओळखू येतं.

२. कागद तुमच्या स्वतःच्या नावाचे दाखवा. इन्क्रिमेंट लेटर, प्रमोशन लेटर, इन्सेंटिव्हची वेगळी लाइन असलेली सॅलरी स्लिप. इन्सेंटिव्ह दर क्वार्टरला पडलाय म्हणजे बहुतेक टार्गेट झालंय, हे एचआरला बरोबर कळतं. पण पगार उघड करायचा नसेल तर ते आकडे झाकून द्या, आणि झाकलेत हे आधीच सांगा, नाहीतर कागदात गडबड केली असं वाटतं. लेटरवरच गोपनीय छापलेलं असेल तर ते लेटर दाखवूच नका.

३. कंपनी सोडून गेलेल्या जुन्या मॅनेजरला रेफरन्ससाठी विचारा. 'टार्गेट करायचा का' याला त्यांनी फोनवर नुसतं हो म्हटलं तरी काम होतं, आकडे तेही सांगणार नाहीत.

आणि राजीनामा द्यायच्या आधी ऑफिसचे मेल, एक्सेल स्वतःच्या जीमेलवर पाठवून ठेवायचा मोह आवरा, आयटीवाल्यांना ते दिसू शकतं आणि मग रिलीव्हिंग लेटरच अडकू शकतं.