स्विंग स्टेटचा पोल कसा वाचायचा, आकड्याच्या आधी माणसं बघा

अमेरिकेची निवडणूक आली की आपल्या लातूर-परभणीच्या ग्रुपवर पण पोलचे, म्हणजे मतदानाआधीच्या जनमत चाचणीचे, स्क्रीनशॉट येतेत, मिशिगनमध्ये अमका २ टक्क्यानं पुढं, की झालीच भांडणं सुरू. तो आकडा कुणाला विचारून काढलाय ते आधी बघा.

तिथं अध्यक्ष व्हायला राज्यवार वाटलेल्या ५३८ इलेक्टोरल मतांपैकी २७० लागतात, आणि गाडी अडते ती मिशिगन, पेन्सिल्व्हेनिया, जॉर्जिया असल्या स्विंग स्टेटमध्ये, म्हणजे कधी या तर कधी त्या पक्षाकडं झुकणाऱ्या काठावरच्या राज्यांत. २०१६ ला मिशिगनचा निकाल फक्त १०,७०४ मतांनी लागला. बीडला २०२४ च्या लोकसभेला ६,५५३ नं लागला तेव्हा आपण रात्रभर जागलो होतो, तसंच समजा.

आता सँपल, म्हणजे पोलसाठी विचारलेली निवडक माणसं. आडतीवर सोयाबीनचं पोतं वरचा मूठभर माल बघून घेतात का कुणी, खालपर्यंत हात घालतेतच ना. २०१६ ला राज्यांच्या बऱ्याच पोलमध्ये हेच चुकलं, डिग्रीवाले लोक फोनवर उत्तरं जास्त देतात आणि त्यांचं प्रमाण नीट कमी केलंच नव्हतं. समजा १००० जणांत डिग्रीवाले ५०० आले, पण खऱ्या मतदारांत ते ४० टक्केच आहेत, आणि निळ्या पक्षाला (तिथले डेमोक्रॅट) डिग्रीवाल्यांत ५५ तर बाकीच्यांत ४१ टक्के. सरळ सरासरी ४८ येते, ४०-६० नं वजन दिलं की ४६.६, म्हणजे एकाही माणसाचं मत न बदलता जवळपास दीड टक्का गेला! म्हणून पोलच्या खाली 'वेटिंग'मध्ये (weighting, म्हणजे हे असं वजन देणं) शिक्षण लिहिलंय का ते आधी शोधा, नसलं तर मी तरी तो पोल सोडून देतो.

क्रॉसटॅब, म्हणजे पोलमधल्या एकेका गटाचे वेगळे आकडे, लै जपून वाचा. मिशिगनच्या ६०० जणांच्या पोलमध्ये कृष्णवर्णीय मतदार पंचाहत्तरएक निघतात, पूर्ण पोलला चूक ४ टक्के इकडंतिकडं, या ७५ जणांत ११ टक्के. तेवढ्यावर "अख्खा समाज फिरला" म्हणायचं नाही.

आणि एकगठ्ठा मतं ही कल्पनाच कच्ची. डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्नमध्ये निम्म्याहून जास्त लोक अरब वंशाचे, २०२० ला बायडनच्या मागं उभे होते, २०२४ ला गाझावरून मतं फुटली आणि तिथं ट्रम्प बायडनच्याच पक्षाच्या हॅरिसच्या पुढं गेले. आपल्याकडं तर हे गावोगाव बघतोच आपण.

शेवटी हे पण तपासा, पोल नोंदलेल्या सगळ्या मतदारांचा आहे का मतदानाला नक्की जाणाऱ्यांचा, कारण तरुण पोरं पहिल्यात भरपूर दिसतात आणि दुसऱ्यात कमी, त्यामुळं एकाच कंपनीचे दोन आकडे वेगळे आले तर ते खोटे समजू नका, दोन्ही बाजूबाजूला ठेवून वाचा.