वसंतातली लागवड: झोनचा आकडा बघून बी पेरताना या चुका टाळा

रोपाच्या पट्टीवर ‘झोन ५ ते ९’ लिहिलेलं असतं. झोन म्हणजे हिवाळ्यातल्या थंडीनुसार पाडलेले पट्टे; आकडा जितका लहान, तितकी थंडी जास्त. आपला झोन ७, म्हणजे जमलं, असं धरून लागवड होते आणि महिन्याभरात रोपं खुरटतात, नाहीतर फुलं गळतात. दोष बियाण्याला दिला जातो. खरं तर बहुतेक वेळा तो आकडा भलत्याच कामाला जुंपलेला असतो.

झोन म्हणजे पेरणीचं वेळापत्रक नव्हे

झोनचा सर्वाधिक वापरला जाणारा नकाशा अमेरिकेच्या कृषी खात्याचा आहे. त्याची २०२३ची आवृत्ती १९९१ ते २०२० या काळातल्या नोंदींवर बेतलेली आहे. त्यात १३ झोन असून प्रत्येक झोन १० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे ५.६ अंश सेल्सियसचा असतो. हा आकडा एकच गोष्ट सांगतो: वर्षातली सर्वात थंड रात्र सरासरीने किती थंड असते. उन्हाळा किती तापतो, पाऊस कधी येतो, वसंत किती आठवडे टिकतो, यातलं काहीच त्यात नाही. सिॲटल आणि सॅन अँटोनियो या दोन्ही शहरांचे बरेच भाग झोन ९ मध्ये येतात. पहिल्या शहरात भेंडीला पुरेशी ऊब मिळणं मुश्किल, तर दुसऱ्यात मे संपेपर्यंत लेट्यूस कडू होतो.

टोमॅटो, काकडी, घेवडा ही पिकं एका हंगामात संपतात. त्यांना हिवाळा काढायचाच नसतो, त्यामुळे त्यांच्यासाठी झोन बघून उपयोग नाही. तो बघायचा बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या वनस्पतींसाठी. चाइव्ह्ज (कांद्याच्या पातीसारखी वनस्पती) कडक थंडीतही जमिनीखाली तग धरतात, थाइम साधारण झोन ५ पर्यंत टिकतं, रोझमेरीला झोन ८ किंवा त्याहून उबदार जागा लागते, गवती चहाला त्याहूनही उबदार. हीच झाडं कुंडीत असतील तर चारी बाजूंनी थंडी मुळांपर्यंत पोचते. अशा वेळी आपल्यापेक्षा दोन झोन थंड ठिकाणी तगणारी जात निवडावी.

शेवटच्या थंडीची तारीख पाळूनही रोपं मरतात

दंव गोठण्याची शेवटची तारीख बहुधा सरासरीवरून काढलेली असते. म्हणजे साधारण निम्म्या वर्षांत त्या तारखेनंतरही दंव गोठू शकतं. कोबी, वाटाणा, पालक ते सोसतात. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बेसिल मात्र तारखेनंतर दोन आठवडे थांबूनच लावावीत. बेसिलला तर दंवही लागत नाही; रात्रीचं तापमान १० अंश सेल्सियसखाली गेलं की पानं काळवंडतात.

बागेतली जागाही तारीख बदलते. थंड हवा जड असल्याने उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते. उन्हाची भिंत याच्या नेमकी उलट वागते: दिवसभर तापते आणि रात्री ऊब देत राहते.

हवा गरम, माती थंड

सगळ्यात जास्त बियाणं इथे वाया जातं. आठवडाभर ऊन पडलं की हात शिवशिवतात, पण माती हवेच्या मागून तापते. थंड, ओल्या मातीत घेवड्याचं बी पाणी शोषून फुगतं, उगवत मात्र नाही आणि शेवटी कुजतं. मातीचा थर्मामीटर ५ ते १० सेंटिमीटर खोल खुपसून सलग चार-पाच दिवस सकाळी नोंद घ्या. दुपारचा आकडा फसवा असतो.

वाटाणा, पालक, मुळा, लेट्यूस यांना ५ ते ७ अंश पुरतात, उगवण थोडी संथ होते इतकंच. मक्याला किमान १०, पण खरी उगवण १५ च्या पुढे. घेवडा, काकडी आणि भोपळ्याला किमान १६, कलिंगड व भेंडीला २० च्या आसपास. शिवाय वाफसा, म्हणजे ओल असूनही चिखल नसलेली माती हवीच. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटाने टोचा. फुटला तर पेरा, चिकट राहिला तर थांबा.

टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी झाली की लोक स्फुरदयुक्त (फॉस्फरसचं) खत टाकतात. माती थंड असेल तर जमिनीत स्फुरद असूनही मुळांना तो उचलता येत नाही. खत नको, ऊब आली की नवी पानं हिरवी येतात.

दुसरं टोक विसरणं

जिथे दंव गोठतच नाही तिथे वसंत म्हणजे उन्हाळ्याचं दार. अशा ठिकाणी मागून मोजायचं: कडक ऊन कधी सुरू होतं ती तारीख धरा आणि पिकाचे दिवस वजा करा. दिवसाचं तापमान ३५ च्या वर आणि रात्रीचं २४ च्या वर राहू लागलं की टोमॅटोची फूलगळ होते, फळधारणा थांबते. रोप हिरवंगार दिसतं, म्हणून कारण लक्षात येत नाही. अशा हवामानात मोठ्या फळांच्या जातींपेक्षा चेरी टोमॅटो आणि लवकर येणाऱ्या जाती बऱ्या.

वजाबाकी करताना एक फसगत होते. टोमॅटो आणि मिरचीच्या पाकिटावरचे ‘७० दिवस’ सहसा पुनर्लागवडीपासून, म्हणजे तयार रोप बागेत लावल्यापासून मोजलेले असतात, पेरणीपासून नाही. रोपवाटिकेतले सहा ते आठ आठवडे त्यात वेगळे मिळवा. घेवडा, गाजर, मुळा यांचे दिवस पेरणीपासूनचेच.

लेट्यूसचं बी ३० अंशांच्या आसपासच्या मातीत झोपून राहतं. कोथिंबीर तापली की फुलावर येते, आणि उपटून लावली तर आणखी लवकर; तिचं सोटमूळ दुखावलेलं चालत नाही. ती जागेवरच, दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरा.

ब्रोकोलीचा गड्डा बटणाएवढाच राहिला तर बहुधा रोपं जुनी होती. पेन्सिलएवढ्या जाड खोडाची, ताण सोसलेली रोपं थंडीत सापडली की वाढ सोडून फुलायला लागतात. चार ते सहा आठवड्यांची, चार-पाच पानांची रोपं घ्या आणि ७ ते १० दिवस रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवून कणखर करा.

कांद्याचं गणित वेगळं

कांदा दिवसाची लांबी मोजतो. लघुदिवसी जातींचा गड्डा १० ते १२ तासांच्या दिवसात भरू लागतो, दीर्घदिवसी जातींना १४ किंवा जास्त तास लागतात. विषुववृत्ताजवळ दीर्घदिवसी जात लावली तर पातच मिळते. उलट दूरच्या अक्षांशावर वसंतात लघुदिवसी जात लावली, तर रोप लहान असतानाच गड्डा धरतो आणि गोटीएवढाच राहतो. साधारण ३५ अंश अक्षांश ही ढोबळ सीमा. तिच्या आसपास मध्यमदिवसी जाती घ्या. पाकिटावर हा प्रकार छापलेला नसेल तर ते बी घेऊ नका.