पेठांत भाड्याचं घर: आधी गल्ली बघा, मग फ्लॅट

पुण्याच्या मध्यवस्तीत घर शोधताना बहुतेक जण ‘सदाशिव की डेक्कन’ एवढंच ठरवतात आणि एजंटला फोन लावतात. तेवढ्यानं भागत नाही. एकाच पेठेत टिळक रस्त्याला लागून असलेली इमारत आणि आतल्या बोळातला जुना वाडा, इथलं रोजचं जगणं फार वेगळं असतं.

सुरुवात कामाच्या ठिकाणापासून करा. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मेट्रोला कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकं आहेत, तर वनाज-रामवाडी मार्गावर नळ स्टॉप, गरवारे कॉलेज, डेक्कन. मार्ग बदलायचा तर सिव्हिल कोर्टला (आता नाव ‘जिल्हा न्यायालय’). स्थानकापासून इमारतीच्या दारापर्यंत एकदा स्वतः चालत जा. दहा मिनिटांच्या वर लागली, तर पावसाळ्यात तुम्ही पुन्हा दुचाकीच काढाल. रोज हिंजवडीला जाणाऱ्यांनी पेठांत शिरूच नये, शिवाजीनगर किंवा मॉडेल कॉलनी बघावी.

सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत अभ्यासिका, मेस आणि स्पर्धा परीक्षेची मुलं भरपूर. एकट्याला सोयीचं, पण लहान घरांना मागणी सतत असते. रविवार आणि भवानी पेठ म्हणजे घाऊक बाजार. तिथं मालाचे टेम्पो लागतात, त्यामुळे रस्त्याकडेची झोपायची खोली नको. एरंडवणे, प्रभात रस्ता शांत आणि झाडांचा, पण भाडं चढं.

पाण्याची चौकशी मालकाकडे करू नका. त्याच इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या मावशींना विचारा, ‘पाणी किती वाजता येतं आणि कितव्या मजल्यापर्यंत चढतं?’ महापालिका दुरुस्तीसाठी बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी ते ‘उशिरा, कमी दाबानं’ येतं. म्हणून शुक्रवारी सकाळी घर बघायला जा. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडून बादली भरून बघा. गच्चीवरची टाकी सगळ्यांची एकच असेल आणि खाली हौद नसेल, तर वरच्या मजल्याचे हाल आधी होतात.

नदीकाठ आणि ओढा याबाबत तडजोड करू नका. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की मुठा नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो. जुलै 2024 मध्ये डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्यानं काठच्या वस्त्यांची दाणादाण उडवली. तळमजला किंवा पार्किंग बघताना विजेच्या मीटरकडे नजर टाका. मीटर छातीच्या वर हलवलेले असतील, खाली जुन्या पेटीचे खिळे दिसत असतील आणि भिंतीला कमरेपर्यंतच नवा रंग असेल, तर पाणी कुठवर आलं होतं ते सरळ विचारा.

लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर हे विसर्जन मिरवणुकीचे रस्ते. मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते. तान्हं बाळ, आजारी माणूस किंवा रात्रपाळी असेल, तर या रस्त्यांपासून दोन गल्ल्या आत घर घ्या आणि त्या दिवशी रुग्णवाहिका कुठल्या बाजूनं येऊ शकेल हे आधीच बघून ठेवा.

चारचाकी असेल, तर रात्री साडेदहाला पुन्हा एक चक्कर मारा. दुपारी मोकळा दिसणारा बोळ तेव्हा गच्च भरलेला असतो. ‘पी 1, पी 2’ च्या पाट्या असलेल्या रस्त्यावर तारखेप्रमाणे गाडीची बाजू बदलावी लागते. विसरलात की गाडी उचलून नेतील. ‘पार्किंग मिळेल’ या शब्दांवर विसंबू नका. जागा कुठली, चारचाकीची की फक्त दुचाकीची, हे करारात लिहून घ्या.

करार सहसा अकरा महिन्यांचा असतो, तरी त्याची नोंदणी बंधनकारकच आहे. नोटरीच्या कागदावर डिपॉझिट देऊ नका. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन द्यायची असते, त्याची पावतीही जपा. चाव्या घेण्याआधी भिंतींची ओल, नळ आणि मीटरचं रीडिंग यांचे तारखेसह फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. घर सोडताना डिपॉझिटमधून कापाकापी निघाली, की हेच फोटो दाखवायचे.