झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह

सांगलीत मार्केट यार्डाच्या आसपास हळदीच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या), जीएसटीची बिलं, बँकेचे कागद सगळं एकाच पेनड्राइव्हवर घालून प्रिंट काढायला नेतात. दुकानातल्या पीसीला दिवसभर कुणाकुणाचे ड्राइव्ह लागलेले असतात. तेव्हा आपला ड्राइव्ह परत आला की उघडण्याआधी त्यावर राइट क्लिक करून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' निवडा; डिफेंडर म्हणजे विंडोजमधलाच अँटिव्हायरस. क्विक स्कॅनच्या भरवशावर राहू नका. तो विंडोजमधल्या व्हायरस दडण्याच्या ठरलेल्या जागा तपासतो, अख्खा पेनड्राइव्ह नाही.

'हळद हिशोब' फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा बाण आणि साइज जेमतेम १-२ केबी? तो फोल्डर नव्हे, शॉर्टकट आहे. डबल क्लिक करू नका. खरा फोल्डर बहुधा लपवलेला असतो, पुसलेला नसतो. त्यामुळे घाबरून फॉरमॅट मारू नका. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'फाइल नेम एक्स्टेंशन्स' चालू ठेवा, म्हणजे बिल.पीडीएफ.ईएक्सई असलं सोंग (पीडीएफ भासवणारा प्रोग्रॅम) लगेच उघडं पडतं.

काही सापडलं तर क्वारंटाइन करा. तिथली फाइल चालत नाही, आणि चुकून पकडली गेली असेल तर परतही आणता येते. शंका राहिली तर व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या वेबसाइटवर टाकून बघता येतं, पण आधार किंवा पासबुक असलेली फाइल तिथे नकोच. ती इतरांच्या हाती जाऊ शकते.

तोच व्हायरस पुन्हापुन्हा उगवत असेल तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधी चालणारा) लावा. पीसी रीस्टार्ट होतो, साधारण १५ मिनिटं जातात. उघडं काम आधी सेव्ह करा.