मोगऱ्याची हजामत

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे टोरंटोला गेले होते. तिच्या दारात हायड्रेंजिया आहे. आपण कॅलेंडरवर पाहतो तो गोल निळा गेंद नव्हे, तर कणसासारखे लांबट पांढरे तुरे येणारा. पॅनिकल म्हणतात त्याला. एप्रिल लागला, बर्फ नुकताच वितळला होता, तर जावई कात्री घेऊन बाहेर गेले आणि त्या झाडाची प्रत्येक फांदी वरून हातभर कापून आले. मी म्हटलं, अहो, चांगलं झाड होतं न! ते हसले. ‘‘आई, याला फूल नव्या फुटव्यावर येतं. जुन्या काड्या सांभाळून काय करायचं?’’ जुलैअखेर ते झाड पांढऱ्या तुऱ्यांनी वाकलं, आणि मी परत निघाले तोवर तुरे गुलाबी पडू लागले होते.

नागपूरला आल्यावर हौसेनं एक हायड्रेंजिया आणला. मिळाला तो निळा, गोल फुलांचा. एप्रिल संपायच्या आत गेला. कूलरसमोर ठेवून पाहिला तरी. आणि पॅनिकलला तर हिवाळ्यात खरीखुरी थंडी लागते, पानं झडून दोन-चार महिने झोपावं लागतं. आपली थंडी संक्रांतीनंतर स्वेटर धुवून ठेवते. नाद सोडला. जावयांचं वाक्य मात्र राहिलं डोक्यात, कारण माझ्या मोगऱ्याचं दुखणं नेमकं तेच होतं. त्रिमूर्तीनगरच्या घरी कंपाउंडच्या भिंतीला एक जमिनीत आणि दोन कुंडीत. पाला भरपूर, फुलं देवापुरतीसुद्धा नाहीत. अकरा वर्षं मी त्यांना कात्री लावली नव्हती.

आता दरवर्षी लावते, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. आधी दहा-बारा दिवस जमिनीतल्या झाडाचं पाणी तोडायचं. कुंडीचं पूर्ण तोडू नका, वरची माती बोटभर खोल सुकली की पेलाभर द्या. पानं थोडी मलूल होतील, होऊ द्या. मग वाळक्या, आत वळलेल्या, एकमेकीला घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढायच्या. उरलेल्या जमिनीपासून दीड फुटावर कापायच्या, कुंडीतल्या एका वितीवर. काप डोळ्याच्या, म्हणजे फुटवा येतो त्या गाठीच्या, थोडा वर आणि तिरपा. कात्रीला धार हवी. बोथट कात्रीनं फांदी चेचते आणि तिथून वाळत जाते. राहिलेली पानंही ओरबाडून न घेता हातानं खुडून टाका. पहिल्या वर्षी आमचा माळी म्हणाला, ‘‘काकू, मरून जाईल न झाड!’’ मलाही रात्री झोप लागली नाही. होळीपर्यंत पोपटी फुटवे आले आणि गुढीपाडव्याला गाठीबरोबर घरच्या मोगऱ्याचा गजरा होता.

हजामत झाली की त्याच दिवशी बुडाची माती दोन बोटं खुरपून कुजलेलं शेणखत द्या: कुंडीला दोन ओंजळी, जमिनीतल्या झाडाला अर्धं घमेलं, वर मूठभर निंबोळी पेंड. मग भरपूर पाणी. पुढं महिन्याला ओंजळभर गांडूळखत पुरतं. युरियाच्या वाटेला जाऊ नका. पाला माजतो, कळी रुसते. चुलीची किंवा होळीची राखही नको. राखेनं झाडं सुधारतात हे खरं, पण आपल्या काळ्या मातीत आधीच चुनखडी, त्यात राख म्हणजे आगीत तेल.

कुंडी नव्यानं भरणार असाल तर नुसती काळी माती भरू नका. पावसात चिखल, उन्हाळ्यात वीट. एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग रेती. कन्हान नदीची जाडसर रेती मिळाली तर उत्तम. घराच्या बांधकामातली उरलेली चालते, पण सिमेंट मिसळलेली नको. कुंडी किमान बारा इंची.

पाण्याचं जरा नीट सांगते, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. माझंही चुकलं होतं. कूलरच्या टाकीतलं पाणी आठवड्यानं बदलतो, ते वाया कशाला घालवायचं म्हणून मी कुंडीत ओतत असे. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच उरतात, त्यामुळे ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जड झालेलं असतं. कुंडीच्या काठाला पांढरा थर आला आणि मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी पडली. शिरा मात्र हिरव्या. हे लक्षण ओळखायला शिका: झाडाला लोह मिळत नाही. बोअरच्या पाण्यानंही असंच होतं. लिटरभर साध्या पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि लिंबाचे चार थेंब, लगेच गाळून संध्याकाळी पानांवर फवारायचं. महिन्यानं पुन्हा, नवी पानं हिरवी येईपर्यंत. भिंतीवर आणि फरशीवर उडू देऊ नका. तांबडे डाग जात नाहीत, आमच्या ओट्यावर अजून आहेत.

मोगऱ्याला ऊन हवंच, पाच-सहा तास. सावलीत ठेवलेला मोगरा नुसता वेलासारखा लांबतो. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की झाडापेक्षा कुंडी तापते आणि मुळं शिजतात. म्हणून नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आधी माझ्या कुंड्या भिंतीच्या पूर्वेला येतात: सकाळचं ऊन, दुपारी सावली. गच्चीवर असतील तर हिरवी जाळी बांधा, कुंडी विटांवर ठेवा आणि बाहेरून ओलं पोतं गुंडाळा. मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर. पाणी सकाळी सहाला, गरज वाटली तर सूर्य मावळल्यावर पुन्हा. पाइपातलं पहिलं पाणी उकळतं असतं, ते आधी सांडू द्या.

याच दिवसांत पानामागे लाल कोळी येतो, पान धुळकट दिसतं. पहाटे पानांच्या खालच्या बाजूला जोरात पाणी मारा. नाही गेला तर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, थोडं रिठ्याचं पाणी घालून, तेही ऊन उतरल्यावर. कळीला भोक दिसलं तर आत अळी आहे; ती कळी तोडून साबणाच्या पाण्यात टाका, कुंडीतच टाकू नका.

एक बहर संपला की सुकलेल्या झुपक्याखालची दोन जोड पानं धरून टोक छाटा. या छोट्या छाटणीनं पुन्हा फुटवे येतात आणि फुलं पावसाळ्यापर्यंत चालतात. फुलं कळीतच तोडायची, सूर्यास्ताआधी. चार-पाच कळ्या वाळ्याच्या जुडीसोबत माठात टाका, बाकीच्या ओल्या फडक्यात.

पावसाळ्यात कुंडीखालच्या बशा काढून टाका. मोगरा उन्हानं सहसा मरत नाही, साचलेल्या पाण्यानं मरतो. रोप वाढवायचं असेल तर आषाढात एक लांब फांदी वाकवून, मधल्या सालीला जरा खरवडून शेजारच्या कुंडीत पुरा आणि वर वीट ठेवा. घाई करून उकरून पाहू नका. दोन-अडीच महिन्यांनी हलकेच ओढून बघा. हाताला धरल्यासारखं वाटलं तर मुळं आली, आईपासून कापून घ्या. गेल्या वर्षी अशी तीन झाली. एक माळ्यानंच मागून नेलं.