अमेरिकी राजकीय विनोद गोव्यात बसून कसा पाहावा

अमेरिकेतील राजकीय विनोदाचे कार्यक्रम आता गोव्यातही घरोघरी मोबाइलवर पोहोचले आहेत, आणि फोंड्यात किंवा म्हापशात ज्यांची मुले परदेशी नोकरीला आहेत त्यांच्याकडे तर अशा चित्रफिती नेहमीच येत असतात. मात्र संदर्भ ठाऊक नसला की त्यातला निम्मा विनोद निसटतो आणि उरलेला निव्वळ टवाळी वाटू लागतो. माझी मते उदारमतवादी आहेत आणि यातील बहुतेक कार्यक्रम त्याच बाजूने बोलतात. आपल्या बाजूचे आहेत म्हणूनच ते अधिक बारकाईने पारखावेत, असे मला मनापासून वाटते.

आधी वेळेचे पाहू. न्यूयॉर्कमध्ये रात्री ११.३५ला लागणारा कार्यक्रम आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ९.०५ला सुरू होतो, आणि हिवाळ्यात तिकडची घड्याळे मागे घेतली की १०.०५ला. त्यामुळे रात्र जागवण्याची गरज नाही. सकाळी वर्तमानपत्रातील परदेशी बातम्यांचे पान वाचून झाल्यावर यूट्यूबवरचे तुकडे पाहावेत. नवख्याने सुरुवातीच्या एकपात्री निवेदनापासून आरंभ करू नये, कारण त्या दिवसाची बातमी प्रेक्षकाला ठाऊक आहे असे तिथे गृहीत धरलेले असते. त्याऐवजी जॉन ऑलिव्हर यांचा, एचबीओवर २०१४पासून चालू असलेला ‘लास्ट वीक टुनाइट’ घ्यावा. त्यात एकच विषय बराच वेळ उलगडून सांगितला जातो. खालची इंग्रजी अक्षरे चालू ठेवावीत, बोलण्याचा वेग फार असतो.

पार्श्वभूमी म्हणून थोडा अभ्यास लागतो. सिनेटवरचे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावरचे, विनोद कळायचे असतील तर एक विषमता ध्यानात ठेवावी. राज्यसभेत गोव्याची एकच जागा आहे. पण गोव्याच्या निम्म्याहूनही कमी लोकवस्तीच्या वायोमिंगला सिनेटमध्ये दोन जागा आहेत, आणि जवळपास चार कोटी लोकांच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मते अधिक मिळूनही त्या हरल्या, कारण तिथे अध्यक्ष ठरतो तो राज्यवार निवडल्या जाणाऱ्या ५३८ निर्वाचकांच्या मतांवर. उदारमतवादी विनोदकार या दोन गोष्टींकडे पुन्हा पुन्हा वळतात. विनोदकारांना एवढे मोकळे रान कसे मिळते, हा प्रश्नही आपल्याकडचा प्रेक्षक हमखास विचारतो. त्याचे एक उत्तर अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८८च्या निकालात आहे. जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाची एका मासिकाने अत्यंत बीभत्स खिल्ली उडवली होती. तरीही, जे कोणी खरे मानणारच नाही अशा विडंबनाबद्दल सार्वजनिक व्यक्तीला मनस्तापाची भरपाई मागता येणार नाही, असे न्यायालयाने एकमताने ठरवले.

आता प्रत्यक्ष पाहण्याची रीत. प्रत्येक विनोदानंतर चित्रफीत थांबवावी आणि विनोद बाजूला काढल्यावर खाली कोणते विधान उरते, ते वहीत एका वाक्यात मराठीत लिहावे. मग ते विधान मूळ भाषणात किंवा मुलाखतीत शोधावे. ही सवय किती आवश्यक आहे ते अलास्काच्या तेव्हाच्या गव्हर्नर आणि २००८मधील रिपब्लिकन पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्या उदाहरणावरून दिसते. ‘माझ्या घरातून रशिया दिसतो’ हे वाक्य पेलिन यांचेच आहे असे आजही असंख्य लोक मानतात. वास्तविक ते सप्टेंबर २००८मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमात पेलिन यांची नक्कल करताना अभिनेत्री टीना फे यांनी म्हटले होते. पेलिन यांनी त्याआधी मुलाखतीत एवढेच सांगितले होते की अलास्कातील एका बेटावरून रशिया दिसतो, आणि ते खरे आहे. परराष्ट्र धोरणातील अनुभव म्हणून ते सांगणे पोकळ होते, टीकेला पात्र होते. पण टीका त्या पोकळपणावर व्हावी, त्यांनी न उच्चारलेल्या वाक्यावर नव्हे.

काही विनोद मात्र उलट्या बाजूने चालतो, आणि तिथे ही रीत थोडी बदलावी लागते. स्टीफन कोल्बेअर यांनी २००५ ते २०१४ या काळात ‘द कोल्बेअर रिपोर्ट’मध्ये एका कट्टर उजव्या निवेदकाचे सोंग वठवले. शाळेत शिकलेला व्याजस्तुती अलंकार इथे कामी येतो, कारण स्तुतीचे प्रत्येक वाक्य निंदा म्हणून ऐकावे लागते. याच सोंगातून त्यांनी जे काम केले ते मला अमेरिकी राजकीय विनोदातील सर्वांत मोलाचे वाटते, म्हणून ते सावकाश पाहावे. २०१०मधील न्यायालयीन निकालांमुळे ‘सुपर पॅक’ नावाच्या समित्यांना निवडणुकीसाठी अमर्याद देणग्या घेण्याची मुभा मिळाली. अट इतकीच की उमेदवाराशी संगनमत नसावे. कोल्बेअर यांनी २०११मध्ये निवडणूक आयोगापुढे जाऊन स्वतःची खरीखुरी समिती स्थापन केली. जानेवारी २०१२मध्ये त्यांनी उमेदवारीची चाचपणी जाहीर केली, तेव्हा समिती सोडणे भाग होते. त्यांनी वकील ट्रेव्हर पॉटर यांना कार्यक्रमातच विचारले की ती आपल्या व्यवसायातील भागीदाराकडे सोपवता येईल का. येईल, असे उत्तर मिळाले. ते भागीदार, म्हणजे ‘द डेली शो’ या विनोदी बातमीपत्राचे तेव्हाचे निवेदक जॉन स्टुअर्ट, मंचावर आले, कागदावर सही झाली, आणि समितीला ‘कोल्बेअर यांच्याशी अजिबात संगनमत नाही’ अशा अर्थाचे नवे नाव मिळाले. यात कायद्याचा भंग कुठेच नव्हता, आणि प्रेक्षकांना हसू फुटले ते नेमके त्यामुळे. समितीने दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली. पाहताना पॉटर यांचा चेहरा आणि त्यांची कोरडी, अचूक उत्तरे यांकडे लक्ष ठेवावे. निवडणुकीतील पैसा हा विषय गोव्याच्या मतदाराला नवा नाही, म्हणून मित्रमंडळींसोबत पाहायला पहिला तुकडा हाच लावावा.

माध्यमांवरचा विनोद हा वेगळा प्रकार आहे. रेडिओ-दूरचित्रवाणीवर दोन्ही बाजू मांडण्याचा १९४९पासूनचा नियम १९८७मध्ये रद्द झाला आणि एकतर्फी रेडिओ कार्यक्रमांचे पेव फुटले. केबल वाहिन्या तर त्या नियमाच्या कक्षेबाहेरच होत्या. फॉक्स न्यूज १९९६ साली सुरू झाली, आणि याच वातावरणात ‘द डेली शो’ने वृत्तवाहिन्यांचे तुकडे एकापुढे एक जोडून दाखवण्याची पद्धत रुजवली. २०१८मध्ये सिंक्लेअर या कंपनीच्या अनेक केंद्रांवरील निवेदक एकच मजकूर शब्दशः वाचत असल्याची जोडफीत गाजली, ती अवश्य पाहावी. अशी फीत पाहताना प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर काय असेल, हा प्रश्न मनात ठेवावा. फॉक्सने निवडणूक यंत्रांविषयीच्या खोट्या दाव्यांबद्दल डोमिनियन कंपनीला २०२३मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर दिले, हे त्या वाहिनीवरच्या कोणत्याही विनोदाइतकेच बोलके आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चकित करणाऱ्या अमेरिकी बातमीचे मूळ ‘द अनियन’ तर नाही ना, हे पुढे पाठवण्यापूर्वी तपासावे. २०१२ साली या विडंबनपत्राने किम जोंग उन यांना सर्वांत मादक पुरुष ठरवले, तेव्हा चीनच्या ‘पीपल्स डेली’च्या संकेतस्थळानेही ती बातमी छायाचित्रांसह खरी म्हणून दिली.

एका गोष्टीला मात्र मी हसत नाही, आणि वाचकांनीही हसू नये असे सुचवतो. रस्त्यावर एखाद्या सामान्य मतदाराला गाठून, त्याचे अज्ञान कॅमेऱ्यापुढे मांडून त्याची फजिती करणे हा उदारमतवादी कार्यक्रमांतला दुबळा भाग आहे. ज्याच्या हाती सत्ता नाही त्याला झोडपून काहीच उघड होत नाही.

शेवटी, कार्यक्रमावर दबाव आल्याची बातमी आली तर ती तारखांच्या क्रमाने वाचावी. सीबीएस वाहिनीची मालक असलेल्या पॅरामाउंट कंपनीने जुलै २०२५मध्ये ट्रम्प यांच्या दाव्यात एक कोटी साठ लाख डॉलरची तडजोड केली; कोल्बेअर यांनी तिला लाच म्हटले; त्यानंतर काही दिवसांतच त्यांचा सीबीएसवरचा ‘द लेट शो’ हा कार्यक्रम मे २०२६मध्ये बंद करण्याचे जाहीर झाले. निर्णय केवळ आर्थिक आहे, असे वाहिनीने सांगितले. सप्टेंबर २०२५मध्ये एबीसी वाहिनीने आपल्या रात्रीच्या विनोदी कार्यक्रमाचे निवेदक जिमी किमेल यांना पडद्यावरून उतरवले आणि आठवड्याच्या आत परत आणले. तरी सिंक्लेअरच्या केंद्रांनी आणखी काही दिवस तो कार्यक्रम दाखवला नाही. अशा वेळी वाहिनीची मालकी कोणाकडे आहे आणि तिचे कोणते काम सरकारी मंजुरीसाठी अडलेले आहे, एवढे आधी शोधावे. पॅरामाउंटचे विलीनीकरण त्या जुलैत अशाच मंजुरीची वाट पाहत होते.